अनोळखी घरच्या मयताला जाताना

ऑफिसमधल्या सहकाऱ्याचे वडील गेले, आणि त्या घरात त्याच्याशिवाय तुम्ही कुणालाच ओळखत नाही. ठाणे-नवी मुंबईत हे नेहमीचंच. अशा वेळी एक गोष्ट पाळली तरी निम्मं काम झालं: काही विचारायचं असेल तर घरच्या माणसाला नाही, धावपळ करणाऱ्याला विचारा. प्रत्येक घरात असा एक भाचा, जावई किंवा सोसायटीचा सेक्रेटरी असतोच. हातात फोन आणि खिशात कागद दिसले की समजावं.

निघण्याआधी. मेसेज नीट वाचा. अंत्ययात्रा घरून किती वाजता निघणार आणि कुठल्या स्मशानात जाणार, हे दोन्ही हवं. ठाण्यात सगळेच जवाहरबागेत नेत नाहीत. नवी मुंबईत नेरूळला की तुर्भ्याला, हे आधी विचारून घ्या. नुसता सेक्टर नंबर पुरत नाही, नोडचं, म्हणजे वाशी, नेरूळ अशा भागाचं, नावही लागतं. घोडबंदर रोडला अडकलात तर घर गाठायचा हट्ट सोडा आणि थेट स्मशानात जा.

कपडे पांढरे किंवा फिके, साधे. अत्तर नको. पटकन निघेल अशी चप्पल घाला आणि कुठे काढली ते लक्षात ठेवा, कारण दारात एकसारख्या काळ्या चपलांचा ढीग असतो. हार नेणार असाल तर प्लास्टिकची पिशवी खालीच काढून टाका.

घरात गेल्यावर. फोन सायलेंटवर ठेवा. पार्थिवाला हात जोडा, फूल वाहा आणि बाजूला व्हा. मागे रांग असते. सहकारी समोर आला तर खांद्यावर हात पुरे. त्याची आई किंवा बहीण भेटली तर एकच वाक्य: "काकू, मी अमुक, याच्या ऑफिसमधला."

"कसं झालं हो अचानक?" हा सगळ्यात वाईट प्रश्न. त्या माऊलीने सकाळपासून तेच दहा जणांना सांगितलेलं असतं. "सुटले बिचारे" हे घरच्यांनी म्हणावं, आपण नाही. विधींबद्दलही सल्ला नको. आमच्यात असं करतात, तुमच्यात तसं का, ही चर्चा तिथे कुणालाच नको असते. बौद्ध कुटुंबात त्रिशरण-पंचशील चालू असेल तर हात जोडून शांत उभं राहावं, येत नसेल तरी.

खरी मदत इथे लागते. जुन्या इमारतींत लिफ्ट लहान असते, तिरडी आडवी मावत नाही. मग जिन्याने उतरवतात. उतरताना भार खालच्या बाजूच्या लोकांवर येतो, म्हणून उंच आणि दणकट माणसं खाली हवीत. त्यांनी तिरडी खांद्यावर आणि वरच्यांनी हातात, कमरेच्या उंचीवर धरली तर ती सपाट राहते. वळणावर घाई केली की तिरडी कठड्यावर आपटते. तुम्हाला जमणार नसेल तर पुढे जाऊन जिन्यातल्या सायकली आणि कुंड्या हलवा. लिफ्ट म्हाताऱ्या माणसांना सोडा.

खांदा देताना शेजारच्याची उंची बघा. आधी आपला खांदा लावा, मगच पहिल्याने बाहेर पडावं. मध्ये क्षणभरही जागा रिकामी राहता कामा नये.

आणखी दोन कामं कुणाच्या लक्षात येत नाहीत. पाणी: २० लिटरचा एक जार आणि शंभर कागदी कप. चहा: ३० माणसांना अर्धा-अर्धा कप द्यायचा तर साधारण दीड लिटर दूध पुरतं, आणि तो शेजाऱ्यांकडे होतो, कारण घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. दूध आणून शेजारच्या वहिनींच्या हातात द्या.

स्मशानात. डॉक्टरचा दाखला आणि आधारच्या प्रती खिडकीवर लागतात. "झेरॉक्स आणू का?" एवढं विचारलं तरी त्या भाच्याचा जीव भांड्यात पडतो. फोटो काढू नका. बायका आल्या असतील तर त्यांच्याकडे वळून बघू नका. बऱ्याच घरांतून आता येतात. अग्नी दिल्यावर निघायला हरकत नाही. लाकडाची चिता असेल तर जवळचे थांबतात. तुम्ही थांबायलाच हवं असं नाही.

निघताना "येतो" म्हणायचं नसतं. नुसती मान हलवा आणि चालू लागा.

नंतर भेटायला गेलात तर दुपारी एक ते चार टाळा आणि पंधरा-वीस मिनिटांत उठा. पैशांची मदत करायची असेल तर सगळ्यांसमोर नको. सहकाऱ्याला किंवा त्याच्या भावाला बाजूला घेऊन द्या. दहावं-तेरावं बोलावणं आलं तरच.