अँटिहिस्टामाइनची गोळी केव्हा आणि कशी घ्यावी

अ‍ॅलर्जीची, म्हणजेच अँटिहिस्टामाइनची, गोळी घेऊनही शिंका थांबत नाहीत, अशी तक्रार अनेक जण करतात. मात्र पुष्कळदा दोष औषधाचा नसून ते घेण्याच्या वेळेचा असतो.

ज्यांच्या शरीरात परागकण किंवा घरातील धूळ यांविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे (अ‍ॅलर्जीशी निगडित प्रथिने) तयार झालेली असतात, त्यांच्या नाकातील व त्वचेतील मास्ट पेशींवर ही प्रतिपिंडे आधीच चिकटलेली असतात. तो पदार्थ पुन्हा आला की या पेशी काही मिनिटांतच साठवलेले हिस्टामाइन हे रसायन बाहेर सोडतात. ते एच-१ ग्राहींवर (पेशींवरील त्याला ओळखणाऱ्या प्रथिनांवर) बसले की सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरून सूज येते आणि चेतातंतू चाळवले जाऊन खाज व शिंका सुरू होतात. अंगावर पित्त उठते तेव्हा दिसणारी लालसर, फुगीर गांध म्हणजे हाच पाझर होय.

गोळी हे हिस्टामाइन नष्ट करत नाही. ती ग्राहींना निष्क्रिय अवस्थेत धरून ठेवते. म्हणून त्रास ठरावीक ऋतूत होत असेल, तर तो बळावण्याची वाट न पाहता डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध आधीपासून व नियमित घ्यावे.

क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधे मेंदूत सहज शिरतात, त्यामुळे झोप येते; शिवाय त्यांनी तोंड कोरडे पडते आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. वृद्धांनी ती टाळलेलीच बरी. सेटिरिझिन, लोराटाडिन व फेक्सोफेनाडिन ही नंतरची औषधे मेंदूत फारशी पोहोचत नाहीत. तरीही सेटिरिझिनने काहींना गुंगी येते, म्हणून आपल्यावर होणारा परिणाम कळेपर्यंत वाहन चालवू नये. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यावे, कारण फळांच्या रसाने त्याचे शोषण घटते. गुण आला नाही म्हणून मनाने मात्रा वाढवू नये. चोंदलेले नाक या गोळ्यांनी फारसे मोकळे होत नाही, कारण त्यामागे ल्युकोट्रिन्ससारखी इतर रसायनेही असतात. तेथे नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे अधिक उपयोगी पडतो.

त्वचेवरील अ‍ॅलर्जी चाचणीपूर्वी गोळी किती दिवस बंद ठेवायची, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे, अन्यथा चाचणीत गांध उठतच नाही.

श्वास अडकणे, जीभ किंवा घसा सुजणे, भोवळ येणे ही अ‍ॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीची, लक्षणे दिसल्यास गोळीवर विसंबू नये. तेथे पहिला उपचार अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन हाच असून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.