एप्रिलमध्ये गुलमर्गला स्की शिकायला निघालात? या चुका टाळा

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की विचारणा सुरू होते: "एप्रिलच्या शेवटी गुलमर्गला बर्फ असतो ना?" असतो. पण नवशिक्याला स्की करता येईल अशा जागी तो उरलेला नसतो, आणि बुकिंग करून देणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

गुलमर्गचं मैदान साधारण 2,650 मीटरवर आहे. शिकण्याचे सौम्य उतार तिथेच. मार्चच्या उत्तरार्धात ऊन तापलं की तिथला बर्फ सगळ्यात आधी जातो. गंडोलाचा, म्हणजे इथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा थेट अफरवट डोंगरावर, 3,900 मीटरच्याही वर नेतो. तिथे एप्रिलमध्येही भरपूर बर्फ असतो, पण ते उतार तीव्र आहेत आणि हिमस्खलनाचा धोका कायम. ज्याला अजून थांबता येत नाही, त्याचं तिथे काही काम नाही.

पुण्याचं एक कुटुंब एप्रिलअखेरीस आलं होतं. एजंटने त्यांना फेब्रुवारीचा व्हिडिओ दाखवून पैसे घेतले होते. मैदानात चिखल आणि मधूनमधून काळपट बर्फाचे तुकडे. एवढे पैसे खर्चून आलोय म्हणून वडिलांनी हट्ट धरला आणि एका गाइडने त्यांना दुसऱ्या टप्प्यावर नेलं. दुपारचा एक वाजला होता. भाड्याच्या स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड, गरजेपेक्षा घट्ट आवळलेलं. मुलगा पडला, स्की ओल्या बर्फात रुतली, बूट काही सुटला नाही आणि गुडघा पिळवटला. पोरगं वेदनेने पांढरं पडलं होतं. मला आजही त्या गाइडचा राग येतो आणि वडिलांच्या घाईचाही. शिकायचंच असेल तर जानेवारीअखेर ते मार्चची सुरुवात हा काळ धरा, शाळेची रजा काढावी लागली तरी चालेल.

ज्यांना स्की येते त्यांची मोठी चूक म्हणजे उशिरा उठणं. वसंतात बर्फ रात्री गोठतो आणि दिवसा वितळतो. सकाळी तो काचेसारखा कडक असतो, ऊन लागल्यावर वरचा थर जरासा मऊ होतो आणि तेवढाच वेळ खरी मजा. दुपारनंतर नुसता लगदा, आणि ओला बर्फ घसरून खाली येण्याची भीती वेगळीच. मी पहाटे बाहेर येऊन आधी आकाश पाहते. रात्र निरभ्र गेली असेल तर बर्फ नीट गोठलेला असतो. ढग असतील तर तो आतून ओलाच राहतो, मग कितीही जाड दिसो. नंतर काठी टोचून बघते. ती सहज आत गेली, तर त्या दिवशी मी वर जात नाही.

बाकीच्या थोडक्यात:

गेल्या वर्षीच्या फोटोंवरून तारखा ठरवू नका. 2025 मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा गुलमर्गला बर्फ नसल्यामुळे फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या होत्या.

परतावा न मिळणारं हॉटेल घेऊ नका.

वाऱ्यामुळे दुसरा टप्पा बंद राहतो, म्हणून हातात एखादा जास्तीचा दिवस ठेवा.

गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लावा.

भाड्याचे बूट खोलीवर मागवू नका. दुकानात जा, घालून चाला आणि बाइंडिंग तुमच्या वजनाप्रमाणे समोर लावून घ्या. दुकानदाराने वजन विचारलंच नाही, तर दुसरं दुकान गाठा.