ट्रायपॉड कॅमेरा खरंच पेलतो का, हे घरीच कसं तपासावं

बॉक्सवर ‘लोड कपॅसिटी ८ किलो’ असं ठळक छापलेलं असतं आणि आपला कॅमेरा लेन्ससकट जेमतेम दीड किलोचा. मग काळजी कशाची, असं कोणालाही वाटेल. पण हा आकडा ज्या त्या कंपनीने आपल्या हिशेबाने दिलेला असतो. पाय वाकेपर्यंतचं वजन धरलं की हेड (ज्यावर कॅमेरा बसतो तो वरचा भाग) घसरेपर्यंतचं, हे बॉक्सवर लिहिलेलं नसतं. शिवाय ट्रायपॉड मोडला नाही म्हणजे कॅमेरा स्थिर राहिला, असंही नाही. लग्नाच्या मांडवात स्टँड उभाच असतो, पण मुंडावळ्यांवर धरलेली फ्रेम हळूहळू खाली सरकत नवरदेवाच्या छातीवर येते. असा ट्रायपॉड कागदावर पास आणि कामात नापास.

प्रवासी ट्रायपॉडच्या बाबतीत हे जास्त जपावं लागतं. घडी साधारण ४० सेंटीमीटरची, वजन एक-दीड किलो, एसटीत मांडीवर घेऊन बसता येतं, हे सगळं मान्य. पण घडी लहान करायची म्हणून पायाचे चार-पाच तुकडे केलेले असतात, खालचा तुकडा बोटाएवढा बारीक असतो आणि जितके सांधे तितक्या सैल होण्याच्या जागा. म्हणून नवीन ट्रायपॉड आला की परत करायची मुदत संपण्याआधी एक सुटीचा दिवस काढा आणि पुढची तपासणी करून घ्या. नागपूरला बर्डीवर जाऊन दुकानातून घेणार असाल, तर आपला कॅमेरा आणि सगळ्यात मोठी लेन्स सोबत न्या. यातल्या निम्म्या गोष्टी काउंटरवरच कळतात.

आधी वजन करा

किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरेसा आहे. बॅटरी, कार्ड, सगळ्यात जड लेन्स, क्विक रिलीज प्लेट (कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये अडकवायची पट्टी), वर लावत असाल तर माइक आणि एलईडी लाइट, सगळं एकत्र ठेवा. पक्ष्यांसाठी वापरतात त्या १५०-६०० मिलीमीटरच्या झूम लेन्स एकट्याच दोन किलोच्या आसपास भरतात, म्हणजे बॉडीसकट अडीच किलोच्या पुढे गेलात. बॉक्सवरचा आकडा या वजनाच्या किमान दुप्पट असावा, लांब लेन्स असेल तर तिप्पट, असा फोटोग्राफर मंडळींचा ठोकताळा आहे. पायांचा आकडा वेगळा आणि बॉल हेडचा (गोळ्यावर फिरणाऱ्या हेडचा) वेगळा दिला असेल, तर लहान आकडा तुमचा.

लांब लेन्सला जास्त सवलत का ठेवायची? भरलेली बादली अंगाजवळ धरली तर सहज पेलते, तीच हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. लेन्सचं वजन बॉलपासून जितकं पुढे, तितका पीळ जास्त. म्हणून ज्या लेन्सला स्वतःची कॉलर (ट्रायपॉडला जोडायचं कडं) आहे, ती कॉलरवरच बसवावी, बॉडीवर नाही.

मग पाण्याच्या बाटल्या टांगा

पहिल्या परीक्षेला कॅमेरा लावू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतका सोपा हिशेब हाताशी आहे. पाय पूर्ण उघडा, प्रत्येक तुकडा शेवटपर्यंत ओढा, लॉक आवळा. सेंटर कॉलम (मधली वर-खाली होणारी दांडी) खालीच ठेवा. आता पायाच्या प्रत्येक सांध्यावर, लॉक जिथे संपतो तिथे, स्केच पेनने बारीक रेघ मारा. कापडी पिशवीत भरलेल्या बाटल्या घालून तुमच्या सामानाच्या दीडपट वजन करा, मात्र बॉक्सवरच्या आकड्यापुढे जाऊ नका. ती पिशवी हेडच्या मानेत अडकवा आणि तासभर सोडून द्या.

तासाने रेघा पाहा. एखादी रेघ लॉकच्या आत गेली असेल, तर तो सांधा घसरतोय. पीळ देऊन आवळायचे लॉक असतील, तर एकदा आणखी आवळून तीच परीक्षा पुन्हा घ्या. खटक्याचे लॉक असतील, तर बऱ्याच ट्रायपॉडमध्ये खटक्याच्या बाजूला लहान बोल्ट असतो, तो ॲलन चावीने थोडा आवळता येतो. पुन्हा घसरला, तर परत पाठवा. पिळाच्या लॉकला तेल मात्र चुकूनही घालू नका. आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या घर्षणावरच पकडतात. तेलाने त्या निसटतात आणि वर काळी माती चिकटते ती वेगळीच.

याच वेळी पाय वरच्या बाजूला जिथे जोडलेले आहेत, तिथलं कोनाचं कुलूप बघा. बऱ्याच प्रवासी ट्रायपॉडचे पाय उलटे फिरवून हेडभोवती घडी होतात. उघडताना ते कुलूप पूर्ण आत बसलं नाही, तर पाय तेवढा वेळ उभा राहतो आणि वजन आलं की फाकतो. लॉक घसरला तर कॅमेरा हळूहळू खाली येतो. इथे मात्र तो थेट जमिनीवर. तिन्ही पाय एकेक करून बाहेरच्या बाजूला तळहाताने दाबा. ‘टक’ असा आवाज येऊन थांबला पाहिजे, त्यापुढे सरकायला नको.

प्लेट आणि स्क्रू

कॅमेऱ्याच्या तळाला १/४ इंची आटे असतात, तर पाय आणि हेड यांच्या जोडाला बहुतेक ३/८ इंची स्क्रू. प्लेट नाण्याने किंवा ॲलन चावीने आवळा, मग एका हाताने प्लेट आणि दुसऱ्याने कॅमेरा धरून हलकासा पीळ द्या. जराही फिरला तर नुसता जोर वाढवू नका, आधी कारण शोधा. कधी स्क्रू लांब असतो आणि प्लेट टेकायच्या आत भोकाच्या तळाला लागतो. कधी प्लेटचं रबर इतकं मऊ असतं की कॅमेरा त्याच्यावर डुलतो. त्यात जोर लावला तर आटे कॅमेऱ्याचे जातात.

आर्का-स्विस ही प्लेटची सगळ्यात जास्त चालणारी पद्धत. तिच्या प्लेट सगळ्या सारख्याच असं म्हणतात, पण एका कंपनीची प्लेट दुसऱ्या कंपनीच्या क्लॅम्पमध्ये (हेडवरच्या पकडीत) केसभर सैल बसू शकते. नॉब फिरवून आवळायचा क्लॅम्प हा फरक भरून काढतो. एका झटक्यात बंद होणाऱ्या लिव्हरला ते सहसा जमत नाही. म्हणून वेगळी प्लेट घेतलीत, तर ती त्याच क्लॅम्पवर लावून ओढून बघा. प्लेटच्या दोन्ही टोकांना बारीक थांबे असावेत, म्हणजे क्लॅम्प थोडा सैल राहिला तरी कॅमेरा घसरून बाहेर येत नाही.

हेडची खरी परीक्षा: गावची पाण्याची टाकी

आता कॅमेरा लावा. अंगणातून किंवा स्लॅबवरून गावची पाण्याची टाकी, देवळाचा कळस, मोबाइलचा टॉवर, जे दूर आणि स्थिर असेल त्यावर सगळ्यात लांब झूम करा. टाकीच्या कठड्याची कडा फ्रेमच्या बरोबर मध्यावर आणा, बॉल हेड आवळा आणि हात काढून घ्या. हात काढताच कडा थोडी वर सरकलेली दिसेल, म्हणजे लेन्स खाली बसली. एवढं थोडंफार चांगल्या हेडमध्येही होतं. ते दर वेळी सारखंच होत असेल, तर आधीच थोडं वर धरून आवळायची सवय लागते. खरा दोष पुढे असतो. दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा. कडा अजून सरकतच असेल, तर हेड तुमचं वजन धरत नाही, मग बॉक्सवर काहीही छापलेलं असो.

हीच परीक्षा लेन्स खाली ४५ अंशात झुकवून घ्या आणि मग उभ्या फ्रेमसाठी कॅमेरा एका बाजूला आडवा पाडून घ्या. आडवं पाडल्यावर सगळं वजन एका बाजूला जातं आणि प्लेटचा स्क्रू सुटण्याच्या दिशेने ओढ बसू शकते. कोणत्या बाजूला पाडल्यावर कॅमेरा फिरतो ते लक्षात ठेवा, दुसऱ्या बाजूला पाडत चला. हेडच्या तळाचा, कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवायचा नॉबही आवळून बघा. व्हिडिओवाल्यांना तो ढिला राहिलेला फार उशिरा कळतो.

आता थरथर. लेन्सचं आणि बॉडीचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) बंद करा, नाहीतर ते ट्रायपॉडचे दोष झाकतं. स्क्रीनवर चित्र पूर्ण मोठं करून ट्रायपॉडच्या एका पायाला बोटाने टिचकी मारा. चित्र थरथरेल, ते किती वेळात शांत होतं ते पाहा. एखाद-दोन सेकंदांत थांबलं तर ठीक. मग सेंटर कॉलम पूर्ण वर काढून तीच टिचकी मारा. फरक डोळ्यांना दिसतो, आणि त्यानंतर कॉलम वर काढायची इच्छा आपोआप कमी होते. शेवटी दोन सेकंदांचा टायमर लावून १/८ सेकंदाच्या शटरवर ओळीने काही फोटो काढा आणि मोठे करून कडा बघा.

कोणत्या बाजूला कलतो

कॅमेऱ्याच्या उंचीवर एक बोट ठेवून हलकं ढकला, दुसरा हात खाली तयार ठेवा. एखाद्या पायाच्या दिशेने ढकललं तर ट्रायपॉड बराच तग धरतो. दोन पायांच्या मधल्या दिशेने ढकललं की लगेच कलतो. तिन्ही पाय सारखे फाकलेले असतात तेव्हा मध्यापासून पायाच्या टोकापर्यंत जितकं अंतर, त्याच्या निम्मंच अंतर दोन पायांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत असतं. म्हणून जड लेन्स नेहमी एका पायाच्या वर येईल अशी फिरवा.

जमीन आणि वारा

अंगणातल्या फरशीवर पास झालेला ट्रायपॉड वावरात नापास होऊ शकतो. ओल दिलेल्या काळ्या मातीत पाय मिनिटामिनिटाला खाली जातात. उन्हाळ्यात भेगा पडल्या की एखादा पाय सरळ भेगेत शिरतो. ओलीत प्रत्येक पाय आधी हाताने दाबून बसवा, काट्याची टोकं असतील तर ती बाहेर काढा, नाहीतर पायाखाली कवेलूचे (कौलाचे) सपाट तुकडे ठेवा. गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत सारस बघायला किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर पहाटे उभं राहायचं असेल, तर हे तुकडे पिशवीत हवेतच. लोणारच्या खडकावर उलट: तिथे रबरी टोकंच बरी, लोखंडी काटा दगडावर सरकतो. आणि झाडीपट्टीचं नाटक शूट करायचं असेल, तर स्टँड रंगमंचाच्या पाट्यांवर ठेवू नका. नट चालला की पाट्या हलतात, स्टँड कितीही भारी असला तरी.

वाऱ्यासाठी बऱ्याच ट्रायपॉडला कॉलमखाली हूक असतो. त्याला पिशवी टांगली आणि ती हवेत झुलत राहिली, तर उलट थरथर वाढते. पिशवी जमिनीला हलकी टेकेल इतकी दोरी लांब ठेवा. पिशवीचं ओझंही बॉक्सवरच्या आकड्यातच धरायचं. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा, तो वाऱ्यात फडफडतो.

काळ्या मातीतून आलात की खालचा तुकडा आत ढकलण्याआधी ओल्या फडक्याने पुसा. पिळाचा लॉक करकरायला लागला तर उघडून पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि आतल्या पट्ट्या ज्या खाचेत होत्या त्याच खाचेत बसवा. जोडून झाल्यावर बाटल्यांची परीक्षा त्या एका पायापुरती पुन्हा घ्या.