लोड टेस्ट: रिपोर्ट हिरवा, साइट आडवी. या चुका टाळा

लोड टेस्ट म्हणजे खोट्या युजरची गर्दी सोडून साइट किती पेलते ते बघणं. बहुतेक लोड टेस्ट टूलमुळे फसत नाहीत, टूल उघडण्याआधीच्या गणितात फसतात. ‘हजार युजर टाकून बघू’ असं कोणी म्हणालं की समजावं, गणित झालेलंच नाही. सेकंदाला एक क्लिक करणारे हजार आणि मिनिटाला एक क्लिक करणारे हजार यांच्यात साठपट फरक आहे.

दहावी-बारावीच्या निकालाची साइट घ्या. आसन क्रमांक टाका, आईचं नाव टाका, निकाल बघा, प्रिंट काढा. निकाल दुपारी एकला लागणार म्हटलं की सव्वापर्यंत कोण थांबतंय? समजा, पहिल्या तासात 1,20,000 जण येणार आणि प्रत्येकाच्या 4 रिक्वेस्ट (साइटकडे केलेल्या मागण्या) सर्व्हरपर्यंत जाणार. एकूण 4,80,000, भागिले 3,600, म्हणजे सेकंदाला 133. प्लॅनमध्ये हाच आकडा जातो आणि तिथेच घोळ होतो. यातले निम्मे लोक पहिल्या 10 मिनिटांत आले तर हिशेब 60,000 गुणिले 4 भागिले 600 असा होतो: सेकंदाला 400. टेस्ट बेतायची ती या दहा मिनिटांवर.

आता व्हर्च्युअल युजर (टूलने सोडलेले खोटे युजर) किती? रेट गुणिले एका फेरीचा वेळ. उत्तराला 1 सेकंद आणि वाचण्या-टाइप करण्याला 9 सेकंद धरले तर 400 × 10 = 4,000. थिंक टाइम, म्हणजे हे वाचण्या-टाइप करण्याचे 9 सेकंद, शून्य ठेवलात तर 400 युजरही तेवढाच रेट काढून दाखवतील. पण एका वेळी उघडी कनेक्शन आणि सेशन दहा टक्केच राहतील आणि मेमरीचा खरा ताण दिसणारच नाही.

सर्व्हर दमला की टेस्टही दमते

ठरावीक थ्रेड (एक थ्रेड म्हणजे एक व्हर्च्युअल युजर) फिरवणाऱ्या टेस्टमध्ये प्रत्येक थ्रेड आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढची रिक्वेस्ट पाठवत नाही. सर्व्हर मंदावला की लोड आपोआप कमी होतो. खरे पालक मात्र रिफ्रेश दाबत सुटतात.

एका थ्रेडने 10 मिलिसेकंदांची रिक्वेस्ट लागोपाठ 100 सेकंद मारली आणि मध्येच सर्व्हर 10 सेकंद गोठला, असं धरा. रिपोर्टमध्ये 9,000 चांगल्या नोंदी आणि एकच वाईट नोंद दिसेल; 99 वा पर्सेंटाइल (100पैकी 99 रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत उरकल्या तो आकडा) 10 मिलिसेकंद. प्रत्यक्षात त्या 10 सेकंदांत 1,000 रिक्वेस्ट येऊन ताटकळल्या असत्या आणि तोच पर्सेंटाइल 9 सेकंदांच्या आसपास गेला असता. म्हणून उत्तराची वाट न बघता रेट ठरवून मारा: के6 या टूलमध्ये कॉन्स्टंट अरायव्हल रेट, जेमीटर या टूलमध्ये 5.5पासून ओपन मॉडेल थ्रेड ग्रुप.

सीपीयू निवांत, साइट ठप्प

सगळ्यांत गोंधळात टाकणारं लक्षण हेच. सीपीयू 25 टक्के, मेमरी ठीक, तरी थ्रूपुट (पूर्ण होणाऱ्या रिक्वेस्ट) सेकंदाला 200 वर सपाट आणि बरोबर 30 सेकंदांनी एरर. हा 30चा आकडा दिसला की पहिला संशय डेटाबेस कनेक्शन पूलवर, म्हणजे सर्व्हरने डेटाबेससाठी उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यावर घ्यायचा. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कसोबत येणाऱ्या हिकारीसीपीचा पूल मुळात 10 कनेक्शनचा असतो आणि कनेक्शनसाठी थांबायची मर्यादा 30 सेकंद. प्रत्येक रिक्वेस्ट 50 मिलिसेकंद कनेक्शन धरून बसली, तर 10 भागिले 0.05, म्हणजे सेकंदाला 200. एका सर्व्हरवर याहून जास्त काही निघणार नाही. 400 आल्या की उरलेल्या रांगेत.

इथे हात शिवशिवतात ते पूल वाढवायला. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा 100 कनेक्शनची आहे. पूल 20चा केलात आणि ऑटोस्केलिंगने (गर्दीनुसार आपोआप सर्व्हर वाढवण्याने) सर्व्हर 8 केले, तर मागणी 160 वर जाते आणि डेटाबेस दार लावून घेतो. आधी क्वेरी बघा. आसन क्रमांकावर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) लावून 50चे 10 मिलिसेकंद झाले, तर तोच 10चा पूल सेकंदाला 1,000 पेलतो.

एकच आसन क्रमांक

स्क्रिप्ट रेकॉर्ड केली, त्यातला एकच आसन क्रमांक हजार थ्रेडनी वापरला, की पहिल्यानंतरची सगळी उत्तरं कॅशमधून (आधीच तयार ठेवलेल्या उत्तरांतून) येतात. स्क्रिप्टला दिलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये लाखभर वेगवेगळे बनावट क्रमांक हवेत. यातच आणखी एक सापळा आहे: ‘आईचं नाव जुळत नाही’ हे पानही 200 स्टेटसनेच, म्हणजे ‘सगळं ठीक’ या कोडनेच येतं, आणि तेही झटकन. टूल त्याला पास म्हणतं. उत्तरात ‘एकूण गुण’ हे शब्द आहेत का, ही असर्शन (उत्तर तपासणारी अट) टाका. ती टाकल्यावर बरेच सुंदर रिपोर्ट लाल होतात.

दमलेला कोण, सर्व्हर की तुमचा लॅपटॉप?

जेमीटरची खिडकी फक्त स्क्रिप्ट लिहायला. टेस्ट कमांड लाइनवरून चालवा आणि प्रत्येक उत्तर दाखवणारा ‘व्ह्यू रिझल्ट्स ट्री’ बंद ठेवा. जेमीटरची मूळ हीप (वापरायला मिळणारी मेमरी) 1 जीबीच असते. लिनक्सवर मूळ पोर्ट-पल्ला 32768 ते 60999, म्हणजे साधारण 28,000 पोर्ट; बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनला यातला एक क्रमांक लागतो. जनरेटर (लोड सोडणारं मशीन) प्रत्येक वेळी नवं कनेक्शन उघडून स्वतः बंद करत असेल, तर ते पोर्ट 60 सेकंद अडकून राहतं. त्यामुळे एका पत्त्यावर सेकंदाला सुमारे 470 नव्या कनेक्शनांनंतर ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ ही एरर सुरू होते. कीप-अलाइव्ह (तेच कनेक्शन पुन्हा वापरणं) लावा किंवा जनरेटर वाढवा. जनरेटरचा सीपीयू 80 टक्क्यांवर गेला असेल तर त्या वेळचे रिस्पॉन्स टाइम फेकून द्या.

सरासरीवर विसंबू नका, हे आता सगळेच सांगतात. पण पाच जनरेटरचे 95वे पर्सेंटाइल बेरीज करून पाचाने भागणं अजून सर्रास चालतं. त्या आकड्याला काही अर्थ नसतो. कच्च्या नोंदी एकत्र करा आणि मग पर्सेंटाइल काढा.

ओटीपी किंवा पेमेंट असेल तर बाहेरच्या सेवेच्या जागी स्टब (खोटं उत्तर देणारी नक्कल) लावा. तो क्षणात उत्तर देणारा नको. खरी सेवा 300 मिलिसेकंद घेत असेल तर त्यालाही तेवढं थांबवा, नाहीतर थ्रेड लवकर मोकळे होतात आणि वर सांगितलेली रांग टेस्टमध्ये दिसतच नाही. स्टब लागलाय याची खात्री एका युजरवर करून घ्या, कारण सेकंदाला 400च्या वेगाने खरे एसएमएस सुटले तर दहा मिनिटांत 2,40,000 जातात आणि त्याचं बिल येतं.