सोलापुरात जुनी कन्व्हर्टिबल घ्यायचीय? आधी छत बघा

मर्सिडीजची जुनी एसएलके किंवा बीएमडब्ल्यूची झेड-फोर अशी कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडता येणारी गाडी, मनात भरली असेल तर किलोमीटर, रंग, म्युझिक सिस्टीम सगळं नंतर, पहिलं छत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, वर काळ्या मातीची धूळ, त्यामुळे कापडी छताच्या नादी लागू नका, घडी होणारं हार्डटॉपच (कडक छत) घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. एसएलकेला ते पहिल्यापासून आहे, झेड-फोरला २००९ ते २०१६ च्या मॉडेलला, त्यानंतरच्या झेड-फोरला पुन्हा कापडी छत आलं.

गाडी बहुतेक पुण्या-मुंबईतच बघायला मिळणार. मालकाला आधीच फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, कारण एसएलके २०० कॉम्प्रेसर या मॉडेलची टायमिंग चेन (इंजिनातल्या झडपांची वेळ जुळवणारी साखळी) सैल झालेली असेल तर थंड इंजिन स्टार्ट करताना पहिले काही सेकंद खडखड ऐकू येते, गरम झाल्यावर लपते. सुरुवातीच्या एसएलके ३५० मध्ये बॅलन्स शाफ्टच्या (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याच्या) गिअरची झीज हा माहितीतला दोष आहे, ते काम इंजिन उतरवल्याशिवाय होत नाही, म्हणजे खर्च मोठा.

मग इंजिन चालू ठेवून छत तीन-चार वेळा उघडा आणि मिटा, एकदा करून समाधान मानू नका. पंपाचा आवाज एकसारखा पायजे, दोन्ही बाजू बरोबरीनं उचलल्या पायजेत, कुठं अडखळत असेल तर छत उचलणारा हायड्रॉलिक सिलिंडर गळतोय का बघा. डिकीतला सामानाचा पडदा जागेवर ओढलेला नसेल तर या गाड्यांचं छत हलतच नाही, त्यामुळे "फक्त सेन्सरचा प्रॉब्लेम आहे साहेब" असं कोणी म्हटलं तर आधी तो पडदा नीट लावून बघा, तरीही हललं नाही तर दुरुस्ती करून दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. नंतर छतावर दोन बादल्या पाणी ओता, दहा मिनिटं थांबा, मॅटखालचं कार्पेट आणि डिकीचा तळ हात घालून दाबून बघा. कुबट वास आला तर पाणी आधीपासून मुरतंय.

टायरला नक्षी भरपूर दिसते पण साइडवॉलवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर वयानं जातात.

कागदांत आरसीची मुदत बघा, नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर फिटनेस करून ५ वर्षांसाठी वाढवावी लागते. बँकेचा बोजा उतरलाय का तेही बघा. दिल्लीची किंवा कर्नाटकची गाडी स्वस्त वाटते पण एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा, मगच सोलापूरच्या एमएच-१३ नंबरचं स्वप्न बघा.

घरी आणल्यावर शेड हवीच. उन्हाळा लागायच्या आत रबरी सीलना सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ऑइल नको, रबर फुगतं. आणि मृगाच्या आधी छताच्या कडेच्या पाणी निघायच्या नळ्या साफ करून घ्या, त्यात कडुनिंबाचा पाला साठतो.