पाहुणे उशिरा येणार, म्हणून धुरीचा बांगडा

मुंबईत पाहुणा "आठला येतो" म्हणाला की आठला तो घरून निघतो. त्यात त्याचा फारसा दोष नसतो. बोरिवलीचा माणूस ट्रॅफिकमध्ये अडकतो, कल्याणचा मेगाब्लॉकमध्ये, आणि ज्याचं घर दोन गल्ल्या सोडून आहे तो सगळ्यांत शेवटी उगवतो. आपण विदर्भ-मराठवाड्याकडची माणसं, पंगत बसली की गरम रस्सा वाढायचा एवढंच आपल्याला ठाऊक. इथे हौसेने आठच्या हिशेबाने सुरमई तळली, तर साडेनऊपर्यंत रव्याचं कवच मऊ पडतं आणि आतला मासा चामट होतो. म्हणून नव्याने आलेलं कुणी विचारतं, की नाताळ-थर्टीफर्स्टला ऑफिसची मंडळी घरी यायचीत, सुरुवातीला काय ठेवू, तेव्हा मी सांगते, वाट बघत बसू शकेल असं काहीतरी करा. धुरी दिलेला बांगडा चक्क्यात कालवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी केला तरी रात्री चांगला लागतो, उलट जरा जास्तच चांगला.

विलायतेत नाताळच्या टेबलावर स्मोक्ड माशाचा असा गार प्रकार असतो. तिकडे सॅमन, ट्राउट नाहीतर मॅकरेल घेतात, क्रीम चीज आणि मेयोनीज घालून कालवतात आणि बिस्किटांवर लावून खातात. चव उत्तमच, पण मेयोनीज म्हणजे बहुतांशी तेल आणि क्रीम चीजमध्ये साधारण तिसरा हिस्सा स्निग्धांश. चार बिस्किटांत पोट जड होतं आणि मग तुम्ही दिवसभर खपून केलेल्या बिर्याणीकडे कुणी बघत नाही. त्यापेक्षा चक्का बरा. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के असतो, त्याच्या दह्याचा चक्का हलका होतो आणि त्याचा आंबटपणा माशाच्या तेलाला बरोबर तोडतो.

मासा बांगडाच घ्या. तो मॅकरेलच्याच घराण्यातला आहे, अंगात तेल असल्यामुळे धुरीत कोरडा पडत नाही आणि खिशाला परवडतो. पापलेट असल्या कामात वाया घालवू नका. रावस चालेल. मेनूकार्डावर त्याला 'इंडियन सॅमन' लिहितात, पण सॅमनशी त्याचं काही नातं नाही, आणि भाव बांगड्याच्या कितीतरी वर. मॉलमध्ये स्मोक्ड सॅमनची आयात केलेली पाकिटं मिळतात तीही एकदा बघून ठेवा. बहुतेक कोल्ड स्मोक्ड असतात, म्हणजे धूर दिलेला पण न शिजलेला मासा. पाहुण्यांत कुणी गरोदर असेल तर तो अजिबात वाढू नये. घरी तो प्रकार करायच्याही भानगडीत पडू नका. त्याला साधारण ३० अंशांच्या खालचा धूर लागतो, आणि आपलं डिसेंबरातलं दुपारचं ऊनच त्याच्या पुढे जातं.

ससून डॉक आणि भाऊचा धक्का ही बोटींतून मासे उतरवायची ठिकाणं एकदा बघायला जरूर जा. ससून डॉक १८७५ सालची आहे, आणि पहाटेची गडबड बघण्यासारखी असते. पण चार बांगड्यांसाठी पहाटे उठायची गरज नाही. दादरला जा, माहीमला सिटीलाईट मार्केटला जा, नाहीतर तुमच्या स्टेशनाबाहेर टोपली घेऊन बसणारी कोळीण मावशी आहेच. एकच मावशी धरा आणि तिच्याकडेच जात राहा. दोन-तीन महिन्यांत ती स्वतःहून "आज नको घेऊ, उद्या ये" म्हणायला लागते, आणि तेव्हा मुंबईत तुमचं बस्तान बसलं म्हणायला हरकत नाही. भाव वाट्यावर होतो. थोडी घासाघीस करा, पण शनिवारी-रविवारी सकाळी फार ताणू नका, मागे रांग असते आणि ती ऐकवते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी अर्ध्या गिऱ्हाइकांचा उपास असतो, तेव्हा ती जरा निवांत असते. पाहुण्यांनाही आधी विचारून घ्या, काही घरांत मार्गशीर्षभर मासे-मटण बंद असतं. महिना कधी संपतो ते कालनिर्णयात बघून मगच बोलावणी करा.

आपल्याकडे मरळ पाण्यात वळवळताना बघून घेतो. समुद्राचा मासा जिवंत मिळत नाही, त्यामुळे इथे नजर वेगळ्या जागी ठेवावी लागते. कल्ला उचलून दाखवायला सांगा, आत लालभडक हवा. तपकिरी दिसला तर पुढे चला. डोळा फुगीर हवा, पोट घट्ट हवं, बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून आला पाहिजे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मासा बर्फावर होता का ते बघा. बांगडा, सुरमई, कुपा (म्हणजे ट्यूना) हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. ते एकदा तयार झालं की शिजवून जात नाही आणि धुरीनेही जात नाही. म्हणून पिशवीत मावशीकडूनच मूठभर बर्फ मागून घ्या, बांगडे झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाका आणि थेट घरी या. वाटेत शॉपिंग नको. गर्दीच्या वेळी लोकलने आणणार असाल तर डबा घट्ट लावा, शेजारच्या बाईच्या साडीला पाणी लागलं तर दादर ते ठाणे फार लांब वाटतं.

आठ माणसांना मध्यम आकाराचे चार बांगडे पुरतात. मावशीला डोकं काढून, पोट साफ करून, पाठीला जोडलेलाच ठेवून पुस्तकासारखा उघडून द्यायला सांगा. घरी लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात अर्धा तास बुडवा. दुकानातला स्मोक्ड मासा खारट असतो, हा त्या मानाने बेताचा होतो. मग पुसून, जाळीवर ठेवून, न झाकता फ्रिजमध्ये तासभर. पंख्याखाली ठेवून भागत नाही, इथल्या दमट हवेत मासा वाळतच नाही. फ्रिजमधून काढल्यावर त्याला हात लावून बघा. किंचित चिकट लागला पाहिजे, म्हणजे धूर धरतो. ओल्या माशावर धूर बसत नाही, नुसता कडवटपणा बसतो.

धुरीसाठी जुनी, जाड, घट्ट झाकणाची लोखंडी कढई काढा. नॉनस्टिक नको, कोरडी तापली की तिचा थर खराब होतो. तळाशी अॅल्युमिनियमची फॉइल अंथरा आणि तिच्यावर तीन चमचे कच्चे तांदूळ, दोन चमचे साखर, दोन चमचे चहाची पावडर पसरा. हा मूळचा चिनी प्रकार आहे, पण सामान आपल्या फडताळातलंच. वर कुकरची जाळी, जाळीला तेलाचं बोट. गॅस मध्यम ठेवा. आधी साखर वितळते, मग चहाचा करपट वास येतो, मग पांढरा धूर वर यायला लागतो. तेव्हाच बांगडे कातडीची बाजू खाली करून ठेवायचे, झाकण लावायचं आणि कडेला ओल्या कणकेची वात फिरवून बंद करायचं. गॅस बारीक करून पंधरा मिनिटं, मग बंद करून झाकण न उघडता आणखी दहा. उघडल्यावर वरचं मांस सोनेरी-तपकिरी दिसतं आणि काट्याने ढकललं की पाकळ्या सुटतात. सुटत नसतील तर आणखी पाच मिनिटं द्या, कच्चा ठेवू नका.

चिमणी किंवा एक्झॉस्ट आधीच चालू करा, खिडकी उघडा, खोलीचा पंखा बंद ठेवा, नाहीतर धूर आधी बेडरूममधल्या गाद्यांत जातो. नव्या टॉवरमध्ये धुराचा सेन्सर कुठे आहे ते आधी बघून घ्या. भाड्याच्या खोलीत हे जमण्यासारखं नसेल तर मासा तव्यावर थेंबभर तेलात शिजवून घ्या, डब्यात ठेवा, मधोमध वाटीत लाल झालेला कोळसा, त्यावर दोन थेंब तूप, आणि झाकण पाच-सात मिनिटं. चव सौम्य येते, पण येते. खालचा इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री वापरत असेल तर दोन तुकडे मागितल्यावर नाही म्हणणार नाही. बंद खोलीत कोळसा पेटवून ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि थंडी म्हणून खिडक्या लावून बसायची सवय आपल्या गावाकडची आहे.

आता सगळ्यांत वेळखाऊ काम. बांगडा कोमट असतानाच कातडी सोलून घ्या आणि दिव्याखाली ताट घेऊन बसा. मधल्या काळसर पट्टीच्या दोन्ही बाजूंना बारीक काटे असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांच्या टोकांनाच लागतात. पाकळ्या अंगठ्याखाली हलकेच चोळत जा. मुंबईत वाढलेला माणूस तोंडातल्या तोंडात काटा वेगळा करून गप्पा मारत राहतो. आपल्या नागपूर-लातूरच्या पाहुण्याला एक काटा लागला की तो रात्रभर फक्त वेफर्स खातो. म्हणून हे काम दुसऱ्यावर सोपवू नका.

पाव किलोभर मांस निघालं तर दीडशे ग्रॅम चक्का घ्या. दही फडक्यात बांधून फ्रिजमध्येच चार-पाच तास टांगा, बाहेर ते फार आंबतं. घाई असेल तर डेअरीतून बिनसाखरेचा चक्का आणा आणि 'श्रीखंडाचा नको' हे दोनदा सांगा. काट्याने कालवा, मिक्सरमध्ये घातलंत तर खळ होते. लिंबाचा रस, ताजी भरड मिरपूड, बारीक चिरून पिळलेला कांदा, अर्धा चमचा मोहरीची पूड. तिकडे हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ किसून घालतात, त्याचा झणका मोहरीने बऱ्यापैकी येतो. आणि शेपू. स्मोक्ड माशावर शेपू हीच तिकडची ठरलेली जोडी, आणि आपल्या भाजीवाल्याकडे ती रोज पडलेली असते. फक्त कोवळी पानं घ्या, देठ नकोत, आपली शेपू उग्र असते. मीठ चाखल्याशिवाय घालू नका.

खायला काकडीच्या जाड चकत्या, कडक भाजलेले ज्वारीच्या भाकरीचे तुकडे, साधा खाकरा. चकत्यांवर आधीच लावून ठेवू नका, काकडीला पाणी सुटतं. मधे वाडगा ठेवा, ज्याचं तो लावून घेईल. वाडगा बर्फाच्या ताटात ठेवला तर छान, पण दोन तासांच्या वर बाहेर नको. उशिरा येणाऱ्यांसाठी अर्धं आत राहू द्या.

शाकाहारी मंडळी असणारच. त्यांच्यासाठी भरताचं वांगं भाजून याच चक्क्यात, याच शेपू-मोहरीत कालवा. तुराट्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास ज्याने घेतलाय त्याला धुराची चव समजावून सांगावी लागत नाही. ते आधी करा, मासा नंतर, आणि चमचे वेगळे. वाडगाही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, नाहीतर नेमका कुणीतरी चमचा फिरवतो आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर विषय होतो.

काटे, कातडी त्याच रात्री ओल्या कचऱ्यात बांधून खाली टाका. उरलं तर फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं. सकाळी ब्रून पावाच्या, म्हणजे कडक कवचाच्या पावाच्या, कापात घालून ऑफिसच्या डब्यात न्यायला चांगलं. गारच खायचं असतं ते. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र चुकूनही गरम करायला ठेवू नका.