जड साउंड सामानासाठी चाकांची डॉली: आधी चाके, मग फळी

बेसचा बॉक्स किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा रॅक हलवण्यासाठी डॉली, म्हणजे खाली चाके लावलेली फळी, बनवायची म्हटली की बहुतेक जण आधी प्लाय कापायला घेतात आणि हाताशी असतील ती चाके शेवटी ठोकून मोकळे होतात. मीही पहिली डॉली तशीच केली होती. 50 मिलिमीटरची चाके लावलेली ती डॉली सपाट फरशीवर लोण्यासारखी सरकली, पण दारातल्या जेमतेम बोटभर उंच पट्टीपाशी जागीच थबकली आणि वरचा बॉक्स माझ्या हातांतून पुढे कलंडला. बॉक्सचा कोपरा फुटला, माणूस वाचला. तेव्हापासून मी क्रम उलटा केला आहे: आधी वजन आणि तोल, त्यानंतर चाके, आणि फळीचे माप सर्वांत शेवटी. फळी हे एका दुपारचे काम आहे. डॉली चांगली की वाईट हे मात्र चाकांवर आणि ती कुठे बसवली यावर ठरते.

या लेखात उदाहरणासाठी 18 इंची स्पीकरचा एक बॉक्स धरू. त्याची रुंदी 600, खोली 700 आणि उंची 550 मिलिमीटर, वजन 60 किलो. असे दोन बॉक्स एकावर एक ठेवून न्यायचे आहेत. आपल्या सामानाची मापे वेगळी असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

वजन आणि तोल

बॉक्सचे वजन त्याच्या माहितीपत्रकात असते. नसेल तर दोघांनी उचलून वजनकाट्यावर ठेवावा, अंदाजावर विसंबू नये. तोल मात्र कुठल्याच कागदावर लिहिलेला नसतो. स्पीकरचे जड लोहचुंबक पुढच्या फळीच्या आधाराने बसलेले असल्यामुळे बॉक्सचा गुरुत्वमध्य सहसा मध्याच्या पुढे असतो. रॅकमध्ये अ‍ॅम्प्लिफायर पुढच्या पट्ट्यांना स्क्रूने धरलेले असतात, त्यामुळे तिथेही पुढची बाजू जड होण्याचा संभव असतो. हे ताडून पाहण्याची सोपी युक्ती अशी: साधारण 25 मिलिमीटर जाडीचा लोखंडी पाइप जमिनीवर आडवा ठेवावा, त्यावर बॉक्स चढवावा आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून तो थोडा थोडा पुढेमागे सरकवावा. ज्या जागी बॉक्स कोणत्याच बाजूला झुकत नाही, तिथे बाजूच्या फळीवर पाइपच्या नेमकी वर चिकटपट्टी लावावी. नंतर बॉक्स काटकोनात फिरवून हीच कृती पुन्हा करावी. दोन्ही रेषा जिथे छेदतात, तो बिंदू चारही चाकांच्या बरोबर मध्ये यायला हवा. तो बिंदू बॉक्सच्या मध्यापासून 50 मिलिमीटर पुढे असेल, तर डॉलीवर बॉक्स तेवढा मागे बसेल अशी तजवीज करावी किंवा चाके तेवढी पुढे घ्यावीत. ही दहा मिनिटे वाचवण्याचा मोह होतो, पण एक बाजू जड असलेली डॉली वळणावर सतत एकाच कोपऱ्याकडे ओढत राहते आणि ती का ओढते आहे हे मग कोणालाच उमगत नाही.

चाकांची निवड

चार चाके आहेत म्हणून वजनाला चाराने भागण्याची चूक करू नये. जमीन कधीच पूर्ण सपाट नसते. कडक फळीखालच्या चार चाकांपैकी कुठल्याही क्षणी तीनच चाके खरा भार घेत असतात आणि चौथे नुसते टेकलेले असते. आपल्या उदाहरणात दोन बॉक्सचे 120 किलो आणि डॉलीचे स्वतःचे 10 किलो धरले, तर 130 किलोला तिनाने भागून सुमारे 43 किलो येतात. यात धक्क्यांसाठी निम्म्याची भर घातली की 65 होतात, म्हणून प्रत्येकी 70 ते 80 किलो क्षमतेची चाके घ्यावीत. चाकावर छापलेली क्षमता ही सपाट जमिनीवर आणि चालण्याच्या वेगाने ढकलताना लागू पडते. ट्रकमधून उतरताना एक चाक आधी आदळते, तेव्हा तो हिशेब राहत नाही.

व्यासाचा प्रश्न मात्र मी क्षमतेपेक्षाही महत्त्वाचा मानतो. जमिनीवर 10 मिलिमीटर उंचीची कड आली, तर 50 मिलिमीटर व्यासाचे चाक तिच्यावर चढवायला त्या चाकावरच्या भाराच्या सुमारे 1.33 पट आडवा जोर लागतो. 100 मिलिमीटरच्या चाकाला तोच जोर भाराच्या 0.75 पट लागतो आणि 125 मिलिमीटरच्या चाकाला साधारण 0.65 पट. म्हणजे छोटे चाक कडेवर चढवण्यापेक्षा तेवढे ओझे सरळ उचलणे सोपे. केबलच्या जुडग्यावरून, दाराच्या पट्टीवरून आणि फरशीच्या सांध्यांवरून रोज जायचे असेल, तर 100 मिलिमीटरच्या खाली जाऊच नये. 125 मिलिमीटरची चाके आणखी सुखाची असली तरी ती डॉलीची उंची वाढवतात आणि उंचीबरोबर कलंडण्याची भीतीही वाढते.

चाकाचा पदार्थ कामाप्रमाणे निवडावा. नायलॉनचे कडक चाक हलके फिरते आणि गालिच्यावर रुतत नाही, पण खडबडीत जमिनीवर त्याचा खडखडाट कान किटवतो आणि प्रत्येक हादरा जसाच्या तसा वरच्या सामानाला पोहोचवतो. मऊ रबर शांत असते आणि हादरे गिळते. मात्र जास्त भाराखाली ते जड चालते आणि महिनोन्‌महिने एकाच जागी ओझ्याखाली उभे राहिले तर टेकलेल्या जागी चपटे होते. पॉलियुरेथेनचे चाक या दोहोंच्या मध्ये बसते आणि स्पीकरच्या डॉलीसाठी मी डोळे मिटून तेच घेतो. व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे, अ‍ॅम्प्लिफायर न्यायचे असतील, तर मात्र रबरच बरे, कारण काचेच्या व्हॉल्व्हना हादरे सोसत नाहीत.

चारही चाके फिरती (हव्या त्या दिशेला वळणारी) घ्यावीत की दोन स्थिर (न वळणारी) आणि दोन फिरती, यावर दोन मते आहेत. लांब, सरळ वाट आणि उतार असेल तर दोन स्थिर चाकांची डॉली दिशा धरून चालते. रंगमंचाच्या विंगेत किंवा ट्रकच्या पोटात सामान इंचाइंचाने बसवायचे असेल तर चारही फिरतीच हवीत. बहुतेक साउंडवाल्यांचे काम दुसऱ्या प्रकारचे असते. चारपैकी किमान दोन चाकांना ब्रेक असावा आणि तो चाकाबरोबर फिरकीही, म्हणजे चाकाला दिशा बदलू देणारा वरचा सांधाही, जखडणारा असावा. नुसते चाक अडवणाऱ्या ब्रेकवर डॉली जागच्या जागी डोलत राहते.

फळीचे माप आणि कलंडण्याचा हिशेब

बॉक्सच्या चारही बाजूंना 5 मिलिमीटर मोकळीक आणि त्याबाहेर 18 मिलिमीटर रुंदीची कडेची पट्टी धरली की आपल्या बॉक्ससाठी साधारण 650 बाय 750 मिलिमीटरची फळी लागते. 100 मिलिमीटरच्या फिरत्या चाकाची फिरकी आणि चाकाचा आस यांच्यात साधारण 40 मिलिमीटर अंतर असते, म्हणजे चाक फिरताना फिरकीच्या मध्यापासून 90 मिलिमीटरपर्यंत पोहोचते. ते फळीबाहेर येऊन भिंतीला किंवा पायाला लागू नये, म्हणून फिरकीचा मध्य कडेपासून 90 मिलिमीटर आत घ्यावा. आता फळीच्या रुंदीत दोन फिरक्यांमध्ये 470 मिलिमीटर अंतर उरते, आणि दोन्ही बाजूंची चाके आत वळली की जमिनीवरचा पाया 390 मिलिमीटरचाच राहतो. फळी 650 ची असली तरी उभे राहण्याचा पाया एवढाच, हे ध्यानात ठेवावे.

दोन बॉक्स आणि डॉली यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण 700 मिलिमीटरवर येतो. अशा स्थितीत रुंदीच्या दिशेने हे सामान 15 ते 16 अंशांना कलंडते, लांबीच्या दिशेने 19 अंशांना. एकच बॉक्स असेल तर रुंदीच्या दिशेनेही 24 अंशांपर्यंत निभावते. त्यामुळे उतारावर डॉली नेहमी लांबीच्या दिशेने चढवावी-उतरवावी, आडवी कधीही नेऊ नये, आणि उताराच्या खालच्या बाजूला सामानाच्या थेट वाटेत कोणी उभे राहू नये.

यापेक्षा फसवा धोका कडेपाशी असतो. 130 किलोचे हे सामान 10 मिलिमीटरच्या कडेला अडले असताना पुढच्या दोन चाकांवर निम्मा भार धरला, तर ती चढवायला सुमारे 49 किलोचा जोर हवा. पण हाच जोर आपण वरच्या बॉक्सच्या माथ्याजवळ, 1100 मिलिमीटर उंचीवर लावला, तर साधारण 29 किलोलाच सगळे पुढे कलंडू लागते. म्हणजे वरून ढकलल्यास डॉली कड चढण्याच्या कितीतरी आधी सामान आडवे होते. माझ्या पहिल्या डॉलीचे नेमके हेच झाले होते. ढकलताना हात खालच्या बॉक्सवर ठेवावेत, ओढायचे असेल तर दोर फळीच्या पातळीला बांधावा, आणि कड उंच असेल तर तिच्यापुढे लाकडाची पाचर टाकावी.

फळी आणि जोडकाम

फळीसाठी 18 मिलिमीटरचा पाणीरोधक प्लाय घ्यावा. भुशाच्या दाबलेल्या फळ्या वापरू नयेत. त्या ओल धरून फुगतात आणि बोल्टभोवतीचे भोक दिवसेंदिवस सैल होत जाते. प्लायच्या वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीच्या दिशेने ठेवावेत. कापल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तर फळी काटकोनात आहे. कोपरे 30 ते 40 मिलिमीटर त्रिज्येने गोल करावेत, कारण टोकदार कोपरा दाराच्या चौकटीला आणि नडगीला सारखाच लागतो. चाकांच्या जागी खालून 18 मिलिमीटर प्लायचे ठोकळे गोंद आणि स्क्रूने जोडावेत. एका बॉक्सच्या डॉलीला ते नसले तरी चालते, दोन बॉक्सच्या डॉलीला ते असावेतच.

चाकाची पत्री (फळीला जोडायचा वरचा चपटा पत्रा) जागेवर ठेवून तिच्याच भोकांतून टोच्याने खुणा कराव्यात. मोजून आखण्यापेक्षा हे अचूक ठरते. फळीखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट धरून 8 मिलिमीटरच्या बोल्टसाठी 8.5 मिलिमीटरची भोके पाडावीत, म्हणजे भोकाच्या खालच्या तोंडाशी प्लाय फाटत नाही. चाकांना लाकडाचे स्क्रू कदापि लावू नयेत. आडव्या धक्क्यांनी ते उपटून येतात. गोल डोक्याचा, चौकोनी मानेचा बोल्ट वरून घालावा आणि खालून वॉशर देऊन नायलॉनची कडी असलेला न सुटणारा नट आवळावा. बोल्टचे डोके बॉक्सच्या बुडाला टोचू नये म्हणून भोकाच्या तोंडाशी आधीच खोलगट खाच करावी. फक्त फळी असेल तर 35 मिलिमीटर, ठोकळ्यासह 36 मिलिमीटर जाडी झाली असेल तर 55 मिलिमीटर लांबीचा बोल्ट पुरतो. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसावेत, जास्त नकोत. लांब बोल्टचे टोक फिरकीला किंवा फिरणाऱ्या चाकाला घासते आणि डॉली एकाच कोनात अडते. म्हणून प्रत्येक चाक हाताने पूर्ण वेढाभर फिरवून पाहिल्याशिवाय पुढचे चाक बसवू नये.

कडेला 20 मिलिमीटर उंचीची लाकडी पट्टी गोंद लावून, खालून 30 मिलिमीटरच्या स्क्रूने बसवावी. मी ती तीनच बाजूंना लावतो आणि चौथी बाजू मोकळी सोडतो. 60 किलोचा बॉक्स चारही बाजूंनी बंद असलेल्या चौकटीत नेमका उतरवायचा म्हणजे बोटे चेमटणार हे ठरलेले, तर मोकळ्या बाजूने तो तिरपा टेकवून सहज आत ढकलता येतो. चौथ्या बाजूचे काम रॅचेटचा (खटक्याने आवळायचा) पट्टा करतो, आणि तो दोन बॉक्स असताना तर लावायलाच हवा. पट्ट्यासाठी फळीत लांबट खाचा आधीच पाडून ठेवाव्यात. फळीच्या आखूड बाजूला मध्यभागी 110 बाय 35 मिलिमीटरचे हातभोक पाडले की रिकामी डॉली उचलायला आणि दोर बांधायला तीच जागा कामी येते. आतल्या भागावर पातळ गालिचा चिकटवणार असाल, तर त्याची जाडी 5 मिलिमीटरच्या मोकळिकीत धरावी.

रंग लावताना प्लायच्या कापलेल्या कडांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पाणी पृष्ठभागातून कमी आणि कडांतून जास्त शिरते. कडांना दोन हात अधिक द्यावेत.

रॅकची डॉली याच रीतीने होते; तिथे अ‍ॅम्प्लिफायरच्या 19 इंची पुढच्या पट्टीच्या मापाकडे न पाहता रॅकच्या बाहेरच्या खोक्याचे माप घ्यावे आणि सर्वांत जड अ‍ॅम्प्लिफायर तळाशी बसवावेत, म्हणजे वरचा सगळा हिशेब आपल्या बाजूने झुकतो. बेसचा बॉक्स वाजवताना मात्र डॉलीवरून उतरवावा. खालच्या स्वरांना चाकांच्या फिरक्या थरथरतात आणि तो खडखडाट आवाजात मिसळतो.

पूर्ण डॉली आधी एका बॉक्सने, मग दोन बॉक्सने तपासावी. 10 मिलिमीटरची पट्टी जमिनीवर टाकून तिच्यावरून सावकाश न्यावी, उतारावर ब्रेक लावून ती सरकते का ते पाहावे. पहिल्या चार-पाच खेपांनंतर सगळे नट पुन्हा आवळावेत, कारण नवे लाकूड बोल्टच्या डोक्याखाली थोडे दबते. त्यानंतर अधूनमधून डॉली उलटी करून आसांभोवती गुंडाळलेले केस, दोरे आणि चिकटपट्टीचे तुकडे कात्रीने काढून टाकावेत. चाक जड फिरते म्हणून ते बदलायला निघालेल्यांना बऱ्याचदा तिथे नुसता दोऱ्यांचा गुंता सापडतो.